डब्याचं पोलाद किती जाड, यापेक्षा गाडीपासून तुम्ही किती वेळ दूर?

एका वाचकाचं पत्र, ओळख पटेल असे तपशील वगळून:

"मी हौशी नेमबाज आहे. पॉइंट टू-टू पिस्तुलाने 25 मीटरच्या स्पर्धा खेळतो. शस्त्र परवान्याचं आहे, कागदपत्रं चोख आहेत. सरावाला आणि स्पर्धेला मी मोटरसायकलनेच जातो. पुढची स्पर्धा झाली की तिथूनच मित्रांबरोबर तीन दिवस घाटरस्त्यांनी भटकायचं ठरलं आहे. पिस्तूल अर्थातच सोबत असेल. गाडीला दोन्ही बाजूंना कुलपाच्या टणक पेट्या आहेत. त्यातल्या एकीत आतून पोलादी डबा बोल्टने बसवून घ्यावा म्हणतो. मग जेवायला थांबलो किंवा एखादी टेकडी चढून आलो तरी काळजी नको. मुक्कामाला गाडी आवारात असली की रोज सामान उपसायचा त्रासही वाचेल. बायकोला हे पटत नाही. ती म्हणते, स्पर्धा झाली की पिस्तूल घेऊन घरी ये, मग हवं तिकडे जा. मला ही भीती अवाजवी वाटते. घरी ते लाकडी कपाटात असतं, हा डबा त्याच्यापेक्षा कितीतरी मजबूत असेल. पोलाद किती जाडीचं घेऊ? कुलूप कोणतं? की डबा नकोच, पिस्तूल अंगावरच बरं?"

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दोन मिलिमीटरचं पोलाद पुरेल. चार मिलिमीटरचं घेऊन फारसं काही हाती लागणार नाही, कारण तुमच्या डब्याचा पत्रा रस्त्यावर कापत बसायची कुणाला गरजच पडणार नाही. डबा पेटीसकट जाईल, नाहीतर पेटी गाडीसकट.

मला तुमच्या बेतात अडचण दिसते ती इथे. तुम्ही डब्याकडे तिजोरी म्हणून बघताय, आणि तिजोरी चोराचा फक्त वेळ खाते. तिजोऱ्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थासुद्धा मजबुती मिनिटांत मोजतात. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेचा घरगुती तिजोऱ्यांसाठीचा पहिला दर्जा म्हणजे हातहत्यारांपुढे 5 मिनिटं टिकणं. टीएल-15 हा त्याच्या बराच वरचा, दुकानं-पेढ्यांसाठीचा दर्जा. त्यात 15 मिनिटं धरतात. शिवाय ती तिजोरी किमान 750 पौंड, म्हणजे साधारण 340 किलो वजनाची तरी असावी लागते, नाहीतर तिला जमिनीशी जखडायची सोय असावी लागते. तिजोरी एकदा उचलून नेता आली की तिच्यावर आरामात, हवा तितका वेळ काम करता येतं, हे ही अट घालणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. तुमच्या गाडीचं वजन दोनशे किलोच्या आसपास असेल, आणि तिला चाकं आहेत. तिघांनी हँडलचं कुलूप न तोडताच ती उचलून टेम्पोत घातली की आतल्या डब्याला पाच मिनिटं नाहीत, अख्खी रात्र आहे.

बाजूच्या पेट्यांचं तर त्याहून सोपं. त्या चटकन काढता याव्यात अशाच बनवलेल्या असतात. एक किल्ली, एक खटका, पेटी हातात. चालत्या गाडीवर झाकण उघडू नये आणि येता-जाता कुणी सहज हात घालू नये, एवढ्यासाठी ती कुलपं असतात. अमेरिकेत, जिथे याची मोजदाद नीट होते, चोरीला जाणाऱ्या बंदुकांचा मोठा हिस्सा उभ्या गाड्यांमधून जातो. त्या गाड्यांना निदान दारं आणि डिकी असते.

म्हणून माझं म्हणणं असं की मोटरसायकलवरचा डबा वाहतुकीसाठी चांगला आहे, साठवणीसाठी नाही. गाडी चालू आहे, तुम्ही तिच्यावर बसला आहात, तोवर पिस्तूल त्या डब्यात उत्तम. पेट्रोल भरताना तुम्ही टाकीशेजारी उभे आहात, तोवरही ठीक. तुम्ही टेकडीवर आणि पिस्तूल पायथ्याशी, हे मात्र कुठल्याही जाडीच्या पोलादाने सुटणारं नाही. कुठला डबा घेऊ, या प्रश्नाआधी या तीन दिवसांत मी गाडीपासून किती वेळा आणि किती वेळ दूर जाणार आहे, हे कागदावर मांडा. जेवणं, दोन रात्री, टेकडी, एखादं पंक्चर. ती यादी समोर आली की तुमचा बेत तुम्हालाच वेगळा दिसू लागेल.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य मात्र प्रवासाबद्दलचं नाहीच. घरी पिस्तूल लाकडी कपाटात असतं, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. वर्षातले बहुतेक दिवस ते तिथेच असणार, आणि घरात येणारी-जाणारी माणसं, पाहुण्यांची मुलं, कामाला येणारे लोक, सगळ्यांसाठी ते कपाट म्हणजे एक दार आणि एक चिमुकलं कुलूप. गाडीच्या डब्यासाठी काढून ठेवलेले पैसे आधी तिथे खर्च करा. छोटी पोलादी तिजोरी, भिंतीत किंवा जमिनीत आतून बोल्टने पक्की केलेली, आणि काडतुसांना वेगळं कुलूप. बायकोचा विरोध फक्त या सहलीपुरता आहे, की घरातल्या त्या कपाटाबद्दलही तिच्या मनात काही आहे, हेही एकदा विचारून बघा.

आता "पिस्तूल अर्थातच सोबत असेल" याकडे येते. यातलं "अर्थातच" कुठून आलं? स्पर्धेपर्यंत ते सोबत हवं, हे उघड आहे. स्पर्धा संपली की पुढच्या तीन दिवसांत त्याचं काम काय? घाटात तुम्ही नेमबाजी करणार नाही. ते सोबत असण्याचं एकच कारण उरतं, ते घरी नेऊन ठेवण्याचा फेरा वाचतो. कारण खोटं नाही, पण त्यासाठी तुम्ही काय मोजताय ते बघा. तीन दिवस प्रत्येक थांब्यावर एक डोळा गाडीवर. मित्र पाण्यात उतरतील, तुम्ही काठावर बसाल. किंवा तुम्हीही उतराल आणि मन वर रस्त्यावर राहील. मला विचाराल तर सहल आणि स्पर्धा यांची गाठ सोडवणं हाच सगळ्यात सुखाचा मार्ग आहे. तुमच्या बायकोनेही तेच सुचवलं आहे, आणि त्यात अवाजवी असं मला काही दिसत नाही.

घरी परतणं फारच उलट दिशेला होत असेल, तर शस्त्र अधिकृतपणे कुठे ठेवता येईल याची चौकशी करा. स्पर्धा जिथे आहे त्या रेंजचं शस्त्रागार असेल आणि त्यांना बाहेरच्या खेळाडूचं शस्त्र ठेवून घ्यायची परवानगी असेल, तर तीन दिवसांचा प्रश्न एका पावतीवर सुटतो. परवानाधारक शस्त्रविक्रेते हा दुसरा पर्याय. भारतातही, विक्रेत्याच्या परवान्यात तशी तरतूद असेल तर, त्याला लोकांची शस्त्रं सुरक्षित ताब्यात घेता येतात. हे सगळं निघण्याआधी फोनवर ठरवा आणि मिळालेलं उत्तर लेखी घ्या. ऐन वेळी, स्पर्धा संपल्यावर, दार ठोठावून होणारं हे काम नाही. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि परत न्यायची तारीख आहे ना, ते तिथेच उभं राहून वाचा.

मित्रांपैकी कुणी "दे माझ्याकडे, मी बघतो" म्हणेल. ते प्रेमानेच म्हणेल, पण नाही म्हणा. ज्याच्या नावावर त्या शस्त्राचा परवाना नाही, त्याच्या ताब्यात ते दहा मिनिटं असणंसुद्धा अनेक देशांत गुन्हा ठरू शकतं. त्यात तो आणि तुम्ही दोघंही अडकाल.

कायद्याचं एवढ्यात उरकते, कारण प्रत्येक ठिकाणचे तपशील वेगळे आणि तुमच्या परवान्यावरच्या अटी तुम्हालाच वाचाव्या लागणार. पण निरनिराळ्या देशांतले नियम शेजारी ठेवले की एकच विचार दिसतो. जर्मनीत वाहतुकीतलं शस्त्र भरलेलं नसावं आणि हाताशी नसावं, म्हणून ते कुलूपबंद पेटीत नेतात. कॅनडात पिस्तूल रिकामं, त्यालाच वेगळं कुलूप, आणि वर न दिसणारी कुलूपबंद पेटी. अमेरिकेच्या 1986 च्या संघीय कायद्यात, राज्याराज्यांतून शस्त्र नेणाऱ्याच्या गाडीला स्वतंत्र डिकी नसेल तर रिकामं शस्त्र आणि काडतुसं कुलूपबंद पेटीत हवीत, आणि ती पेटी म्हणून डॅशबोर्डमधला कप्पा (ग्लोव्ह बॉक्स) चालत नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. मोटरसायकलला ही अट तंतोतंत लागू पडते. भारतात 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी नेलेलं शस्त्र पूर्ण झाकलेलं असावं आणि नेणाऱ्याचं त्यावर परिणामकारक नियंत्रण असावं. दक्षिण आफ्रिकेच्या 2000 सालच्या कायद्याचीही भाषा जवळपास हीच आहे. नियंत्रणाची ही अट लक्षात ठेवून स्वतःला विचारा, मी आत जेवतोय आणि पिस्तूल बाहेर पार्किंगमध्ये आहे, तर त्यावर माझं नियंत्रण आहे का? मला तरी याचं उत्तर "आहे" असं देता येत नाही.

जिल्ह्याची, राज्याची किंवा देशाची हद्द ओलांडत असाल तर परवाना पलीकडे चालतो की नाही, ते आधी बघा. रस्ता सुंदर आहे म्हणून तो हद्द मानत नाही असं होत नाही, आणि घाटरस्ते हद्दी ओलांडण्यात पटाईत असतात.

अंगावर बाळगण्याचा तुमचा शेवटचा प्रश्न मी गंभीरपणे घेते. चोरीच्या दृष्टीने तो पर्याय खरंच चांगला आहे, कारण तुम्ही जिथे तिथे पिस्तूल. पण मोटरसायकलस्वाराच्या बाबतीत आणखी एक शक्यता कायम सोबत असते, पडण्याची. कमरेला मागे, मणक्यावर एक लोखंडी तुकडा ठेवून रस्त्यावर घसरत जाणं म्हणजे काय होईल, ते तुमच्या ओळखीच्या कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला विचारा. जॅकेटच्या आत पाठीला, कोपराला, गुडघ्याला आपण संरक्षक पट्टे लावतो ते आपटीचा मार हाडावर एकाच जागी बसू नये म्हणून, आणि मग तिथेच पिस्तूल खोचायचं? नितंबाच्या हाडावर होल्स्टर बांधलं तरी त्या बाजूला पडलात की तोच प्रकार. पाठीवरच्या सॅकमध्ये न्यायचंच असेल तर ते मऊ सामानाच्या मध्ये, पाठीपासून दूर असू द्या. चार्जरचा विटेसारखा ठोकळा आणि पिस्तूल एकाच कप्प्यात पाठीला टेकलेले, असं करू नका.

आणि भरलेलं तर मुळीच नको. बहुतेक आधुनिक पिस्तुलांना पडल्यावर गोळी सुटू नये यासाठीची अंतर्गत सोय असते, तरी तिच्यावर ताशी साठ किलोमीटरच्या आपटीचा भार टाकू नये. जुन्या शस्त्रांत ती सोयही नसते. रुगर कंपनीने आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये 1973 साली ट्रान्स्फर बार आणला, म्हणजे ट्रिगर दाबल्याशिवाय हॅमरचा मार गोळीपर्यंत पोहोचू न देणारी पट्टी. त्याआधीच्या त्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमरखालचं चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामंच ठेवायची शिस्त होती, कारण हॅमरवर आपटलं की गोळी सुटू शकायची. तुमचं पिस्तूल तर स्पर्धेचं आहे, खिशात-कमरेला बाळगण्यासाठी ते घडवलेलंच नाही. रेंजवर चेंबरमध्ये घालता ती भडक रंगाची सेफ्टी फ्लॅग प्रवासातही आत राहू द्या. मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं, वाटलं तर चेंबरमधून ओवलेलं केबलचं कुलूप. ट्रिगरवर बसवायची कुलपं भरलेल्या शस्त्राला कधीही लावायची नसतात, हे तुम्हाला माहीत असेल, पण हे वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत असेलच असं नाही.

एवढं सगळं बोलूनही शेवटी पिस्तूल सोबत न्यायची वेळ तुमच्यावर येऊ शकते. रेंजने नाही म्हटलं, विक्रेता मिळाला नाही, आणि बाकी साऱ्या स्पर्धांसाठीचा जाण्या-येण्याचा प्रवास तर आहेच. तेव्हा डबा कसा असावा, ते नीट सांगते.

गाडीत कायमचा बसवलेला डबा घेऊ नका. तुमच्याबरोबर उतरेल असा घ्या. पुस्तकाएवढा, कुलपाचा, पोलादी, आत पिस्तूल सैल हलणार नाही असा. प्रवासात तो टणक पेटीच्या तळाशी बसेल, आणि तुम्ही उतरलात की साध्या पिशवीत घालून तुमच्याबरोबर येईल. जेवणाच्या टेबलाखाली दोन पायांमध्ये ठेवलेली, पट्टा पायाला अडकवलेली पिशवी पार्किंगमधल्या कुठल्याही तिजोरीपेक्षा सुरक्षित असते. टाकीवर बसणारी बॅगही यासाठी सोयीची, कारण ती एका खटक्यात निघते आणि हातात धरून आत जाणं कुणाला वावगं वाटत नाही. मात्र जिथे शस्त्र आत न्यायला मनाई आहे, अशा जागी हा उपाय चालत नाही. तिथे मग तुम्ही आत जायचं नाही. बेत आखतानाच हे धरून चाला.

गाडी चालू असताना डबा जागेवर राहावा म्हणून पोलादी केबल लागते. ती पेटीला गुंडाळू नका, कारण पेटीच सुटी होते. पेटीच्या तळाला भोक पाडून, कडेला रबरी रिंग बसवून, केबल थेट गाडीच्या फ्रेमच्या नळीभोवती न्या. चांगला बोल्ट कटर ती केबल कापतो, हे मनात असू द्या. पेट्रोलपंपावर पैसे द्यायला दोन मिनिटं वळलात, त्या दोन मिनिटांपुरती ती आहे. पेटीत काहीही बोल्टने बसवत असाल तर आत नायलॉनची कडी असलेले नट वापरा आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी हाताने हलवून बघा. मोटरसायकलच्या थरथरीने साधे नट दोन दिवसांत सैल होतात. त्याच थरथरीने पिस्तुलाच्या मागच्या साइटचे स्क्रूही हळूच फिरतात, म्हणून स्पर्धेआधी ते तपासायची सवय लावून घ्या.

पेटी सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूची निवडा. ही गोष्ट बरेच जण विसरतात. सायलेन्सरजवळची पेटी भर उन्हात आतून चांगलीच तापते, आणि पॉइंट टू-टूच्या स्पर्धेच्या गोळ्यांवर मेणासारखं वंगण असतं, ते मऊ होऊन पसरतं. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा, पण सायलेन्सरकडच्या पेटीत नको. पावसात भिजून आलात तर मुक्कामावर डबा उघडून पिस्तूल बाहेर काढा, पुसा, हलका तेलाचा हात फिरवा. आतलं स्पंज ओल धरून ठेवतं, आणि त्यात रात्रभर राहिलेल्या पोलादावर सकाळी लालसर ठिपके दिसतात. सिलिका जेलची एक पुडी टाकली तर बरं, पण ओल्या स्पंजापुढे तिचं काही चालत नाही.

कुलपाबद्दल दोन गोष्टी पक्क्या करा. विमानप्रवासाच्या सामानाला लावतात ती टीएसए (अमेरिकेची विमानतळ सुरक्षा यंत्रणा) खुणेची कुलपं शस्त्राच्या डब्याला लावू नका. ती मास्टर किल्लीने उघडावीत म्हणूनच बनवलेली असतात, आणि 2015 साली त्या किल्ल्यांचे छापून काढता येतील असे त्रिमितीय नमुने इंटरनेटवर पसरले. दुसरं, डब्याची किल्ली गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात नको. गाडीची किल्ली आपण मेकॅनिकच्या हाती देतो, पार्किंगवाल्याकडे देतो, मित्राला "जरा बाजूला घे" म्हणून फेकतो. त्या प्रत्येक वेळी शस्त्राची किल्लीही दिली जाते. ती गळ्यात दोरीला असू द्या, किंवा आतल्या खिशात.

रात्री पिस्तूल खोलीत, तुमच्याजवळ. आवार कितीही बंदिस्त असो, गाडीवर नाही. सामान उपसायचा त्रास म्हणता, तर उपसायचं आहे ते एका पुस्तकाएवढं. हॉटेलच्या खोलीतली तिजोरी व्यवस्थापकाच्या कोडने उघडते, कारण पाहुणे कोड विसरतात आणि ती उघडावीच लागते. बऱ्याच ठिकाणी ती कपाटाच्या पातळ फळीला दोन स्क्रूंनी लटकलेली असते. तिच्यात ठेवण्यापेक्षा तुमचा कुलूपबंद डबा केबलने एखाद्या न हलणाऱ्या गोष्टीला बांधा. पलंगाच्या पायाला बांधू नका, पलंग उचलला की केबल खालून निघते. आणि तिथे शस्त्र आणायला परवानगी आहे का, हे खोली घेतानाच विचारा. शस्त्र सोबत असताना संध्याकाळी मद्य घ्यायचं नाही, हे मित्रांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे आग्रह होणार नाही.

बाहेरून काही कळू नये याचीही काळजी घ्या. पेटीवर नेमबाजी संघाचं स्टिकर, जॅकेटवर बंदूक कंपनीचा बिल्ला, सहलीच्या पहिल्याच दिवशी पदक आणि पिस्तुलाचा फोटो टाकून "आता घाटाकडे" असं लिहिणं, या तिन्ही गोष्टी कुठे बघायचं ते चोराला सांगतात. फोटो घरी पोहोचल्यावर टाका. आणि पार्किंगमध्ये पेटी उघडून डबा काढायचा-घालायचा असेल, तर तो पिशवीतच असू द्या.

रायफल किंवा शॉटगन घेऊन प्रवास करणाऱ्यांना यातलं बरंच लागू पडत नाही. लांब शस्त्र मोटरसायकलवर लपत नाही आणि जेवायला बरोबर नेता येत नाही. बोल्ट ॲक्शन रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग, काढून वेगळा ठेवला तर चोराच्या हाती न चालणारी वस्तू लागते, एवढा एक आधार आहे, तरी अशा प्रवासाला चारचाकी घ्यावी, असंच मी सांगेन. आणि स्वसंरक्षणासाठी मोटरसायकलवर शस्त्र बाळगू पाहणाऱ्यांच्या पत्रांनाही इथेच उत्तर देते. हातमोजे, हेल्मेट, दोन्ही हात हँडलवर आणि शस्त्र कुलपात, अशा स्थितीत अडवलं गेलात तर त्याचा उपयोग होण्यापेक्षा ते हिसकावलं जाण्याची भीती अधिक. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठणं आणि एकट्याने निर्जन रस्ता न घेणं याने जास्त संरक्षण होतं.

अपघाताचा विचार आपण टाळतो, पण शस्त्र सोबत असेल तर तो निघण्याआधीच करून ठेवावा लागतो. समजा तुम्ही बेशुद्ध आहात. जमलेले लोक तुमची ओळख पटवण्यासाठी बॅगा उघडतात. तुमचं ओळखपत्र, औषधं, घरच्यांचा फोन नंबर पिस्तुलाच्याच बॅगेत असेल, तर अनोळखी हात तिथेच जातात. म्हणून ओळखपत्र आणि तातडीचा नंबर जॅकेटच्या छातीच्या खिशात, आणि पिस्तूल पूर्ण वेगळ्या जागी. तुम्हाला दवाखान्यात नेतील, गाडी मात्र टोइंगवाला उचलेल आणि कुठल्यातरी आवारात नेऊन टाकेल, पेट्यांसकट. सोबतच्या मित्रांपैकी एकाला तरी माहीत हवं की शस्त्र कोणत्या बाजूच्या पेटीत आहे. त्याने त्याला हात न लावता पोलिसांना लगेच सांगायचं, एवढंच त्याचं काम. गाडी नुसती बंद पडली तरी तसंच. टोइंगवाल्याच्या हवाली करण्याआधी डबा तुमच्या हातात आलेला असू द्या.

परवाना नेहमी अंगावर बाळगा, डब्यात नाही. भारतात शस्त्र कायद्याच्या कलम 19 नुसार पोलीस तो रस्त्यात मागू शकतात, आणि तो दाखवण्यासाठी रस्त्याच्या कडेला शस्त्राचाच डबा उघडावा लागणं कुणाच्याच हिताचं नाही. अडवलं तर इंजिन बंद करा, हात दिसतील असे ठेवा, शस्त्र कुठे आहे ते तोंडाने सांगा, आणि सांगितल्याशिवाय पेटीकडे हात नेऊ नका.

पिस्तुलाचा क्रमांक, परवान्याची प्रत आणि शस्त्राचे चारही बाजूंनी काढलेले फोटो बायकोकडे ठेवून निघा. डबा गेल्याचं लक्षात आलं तर आधी आसपास शोधाशोध, मग मित्रांशी चर्चा, मग उद्या बघू, असं करू नका. त्याच जागेवरून पोलिसांना फोन करा, बायकोला फोन करून क्रमांक पोलिसांना कळवा, आणि तक्रारीची प्रत हातात आल्याशिवाय तिथून हलू नका. परवाना देणाऱ्या कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवा.